गाडीत दिवा लागला तर काय करायचं: पुण्यात नव्याने कार चालवणाऱ्यांसाठी

ड्रायव्हिंग स्कूलमध्ये क्लच, आठचा आकडा, रिव्हर्स पार्किंग सगळं घोटून घेतात. स्पीडोमीटरच्या आजूबाजूला लागणाऱ्या दिव्यांबद्दल मात्र सहसा कोणी बोलत नाही. मग एखाद्या संध्याकाळी चांदणी चौकाच्या गर्दीत लाल थर्मामीटर पेटतो, नवा चालक म्हणतो, "घर पाच किलोमीटरवर तर आहे, पोचू," आणि गाडी तशीच रेटतो. नुसता होज पाइप बदलून भागलं असतं, तिथे आता इंजिन खोलावं लागतं.

दिवा लागला की पहिला प्रश्न हाच, की आपल्या हातात वेळ किती आहे. काही दिव्यांना काही सेकंदच मिळतात, काहींना त्या दिवसापुरती मुभा असते, काही आठवडाभर थांबू शकतात. कुठल्या दिव्याला किती वेळ द्यायचा आणि तेवढ्या वेळात काय करायचं, ते इथे क्रमाने दिलं आहे.

१. गाडीत आधी हे ठेवा

- ओनर्स मॅन्युअल. दिव्यांची चित्रं ज्या पानावर आहेत त्याचा फोटो फोनमध्ये. कंपनीगणिक काही चित्रं वेगळी असतात, त्यामुळे शेवटचा शब्द तुमच्या गाडीच्या मॅन्युअलचा.
- आरसी, विमा, पीयूसी, लायसन्स. डिजिलॉकर किंवा एम-परिवहनवरचे कागद चालतात, पण ताम्हिणी घाटात रेंज जाते. निघण्याआधी उघडून, डाउनलोड करून ठेवा.
- रोडसाइड असिस्टन्सचा नंबर आणि पॉलिसी नंबर कागदावर लिहून ग्लोव्ह बॉक्समध्ये. ऐन वेळी फोनची बॅटरी संपलेली असते.
- लाल रिफ्लेक्टरचा त्रिकोण, चमकणारं जॅकेट, टॉर्च.
- जाड सुती फडकं, हातमोजे, दोन लिटर स्वच्छ पाणी, एक लिटर तयार मिश्रणाचं कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव).
- हवा तपासायचा मीटर, स्टेपनी, जॅक, पाना, जम्पर केबल.

स्टेपनीत हवा आहे का हे आजच बघा. बहुतेक गाड्यांत स्टेपनीच्या हवेवर कुठलाही दिवा लक्ष ठेवत नाही, ती वर्षानुवर्षं तशीच पडून असते.

२. चावी फिरवल्यावर लगेच सेल्फ मारू नका

चावी "ऑन"वर आणा आणि पाच सेकंद थांबा. बटणाची गाडी असेल तर ब्रेकवर पाय न ठेवता बटण दाबा. काही गाड्यांत दोनदा दाबावं लागतं.

आता डॅशबोर्ड नीट बघा. चेक इंजिन, एबीएस (चाकं लॉक होऊ न देणारी ब्रेकची यंत्रणा), एअरबॅग, तेलाची किटली (इंजिन ऑईलचा दाब), बॅटरी, ब्रेक हे दिवे एकदम लागतात. एबीएस आणि एअरबॅगचे दिवे तीन-चार सेकंदांत विझतात. किटली, बॅटरी आणि बहुतेक गाड्यांत चेक इंजिन हे इंजिन सुरू झाल्यावरच विझतात, कारण इंजिन बंद असताना तेलाला दाब नसतो आणि बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर फिरत नसतो.

इथे दोन गोष्टी हेरायच्या. विझायला हवा तो दिवा विझला नाही, तर बिघाड आहे. आणि लागायला हवा तो दिवा लागलाच नाही, तर तोही बिघाड आहे. दुसरी गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. सेकंडहँड गाडी घेताना तर ही तपासणी कराच. एअरबॅग उडून गेलेली गाडी नुसती वरवर दुरुस्त करून विकायची असेल, तर काही जण तो दिवाच काढून टाकतात. चावी "ऑन" केल्यावर एअरबॅगचा दिवा एकदाही लागला नाही, तर गाडी कितीही चकचकीत असली तरी व्यवहार तिथेच थांबवा.

३. आधी रंग, मग चित्र

लाल म्हणजे सुरक्षित जागा बघून थांबा आणि कारण कळेपर्यंत पुढे जाऊ नका (बॅटरी आणि एअरबॅगचं वेगळं, ते पुढे येईल). पिवळा किंवा नारिंगी म्हणजे गाडी जपून चालवता येईल, पण गॅरेज गाठायचं आहे. हिरवा आणि निळा दिवा फक्त काय चालू आहे ते सांगतो: इंडिकेटर, हेडलाइट, हाय बीम. काही गाड्यांत इंजिन थंड असताना निळा थर्मामीटर दिसतो. तो विझेपर्यंत इंजिन रेटू नका, एवढंच त्याचं म्हणणं.

पिवळ्याचे दोन अपवाद डोक्यात पक्के ठेवा. लुकलुकणारा पिवळा चेक इंजिन दिवा लालइतकाच गंभीर. उलट घसरड्या रस्त्यावर लुकलुकणारा ईएसपीचा (गाडी घसरताना सावरणाऱ्या यंत्रणेचा) पिवळा दिवा, म्हणजे गाडीच्या चित्रामागे नागमोडी रेघा असलेला, बिघाड दाखवत नाही. यंत्रणा त्या क्षणी गाडी सावरते आहे. ॲक्सिलरेटर हलका करा. हाच दिवा लागून राहिला तर मात्र ईएसपी बंद आहे किंवा बिघडलं आहे.

४. थांबायचं कुठे, कसं

लाल दिवा बघून जागच्या जागी ब्रेक मारणं दिव्यापेक्षा धोक्याचं. आरसा बघा, डावा इंडिकेटर द्या, डावीकडे सरकत जा, गाडी कडेला उभी राहिली की चारही इंडिकेटर लावा. गाडी पूर्ण थांबेपर्यंत चावी काढू नका. चावी काढली की स्टिअरिंग लॉक होऊ शकतं. इंजिन बंद पडलं तर ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही जड होतात. ब्रेक हलका करणाऱ्या बूस्टरमध्ये एक-दोन वेळा दाबण्यापुरता व्हॅक्यूम शिल्लक असतो, त्यामुळे ब्रेक पंप न करता एकदाच घट्ट, सलग दाबा.

शहरात पेट्रोल पंप, सोसायटीचं गेट, बसथांब्याच्या पुढची मोकळी कड, काहीही चालेल. कात्रज-देहूरोड बाह्यवळणावर शक्य तिथे सर्व्हिस रोडला उतरा. उड्डाणपुलावर, वळणाच्या आत किंवा बोगद्यात थांबणं होईल तेवढं टाळा.

एक्स्प्रेसवेवर गाडी कडेच्या पट्ट्यात पूर्ण डावीकडे घ्या, सगळ्यांना डाव्या बाजूच्या दारांनी उतरवा आणि रेलिंगच्या पलीकडे उभं करा. गाडीत बसून वाट बघू नका, दोन गाड्यांच्या मध्ये उभे राहू नका. त्रिकोण शहरात पन्नास मीटर मागे पुरतो, एक्स्प्रेसवेवर किमान शंभर मीटर, म्हणजे सव्वाशे ते दीडशे पावलं. तो ठेवायला जाताना येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून, रेलिंगच्या बाहेरून चाला. रेलिंगबाहेर चालायला जागा नसेल, अंधार असेल किंवा पाऊस असेल, तर त्रिकोणाचा हट्ट सोडा, माणसं आधी बाजूला घ्या.

मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेला १०८. सातारा किंवा सोलापूर रस्त्यासारख्या राष्ट्रीय महामार्गावर १०३३.

५. लाल तेलाची किटली: हातात फक्त सेकंद

सगळ्यांत महाग पडणारा दिवा हा. अर्थ एकच, इंजिन ऑईलला दाब नाही. इंजिनच्या आत क्रँकशाफ्ट तेलाच्या पातळ थरावर फिरतो. दाब गेला की तो थर जातो, धातूवर धातू घासतो आणि काही मिनिटांत बेअरिंग जळतात. मेकॅनिक ज्याला "इंजिन सीझ झालं" म्हणतात ते हेच.

जागा मिळताच इंजिन बंद करा. "पंपापर्यंत जाऊ"सुद्धा नको.

गाडी सपाट जागी असेल तर दहा मिनिटं थांबून बॉनेट उघडा. पिवळ्या किंवा नारिंगी कडीची ऑईलची पट्टी ओढून काढा, फडक्याने पुसा, पुन्हा तळापर्यंत घाला आणि काढून आडवी धरून बघा. टोकाकडे दोन खुणा असतात. तेल दोन्हींच्या मध्ये हवं. बहुतेक लहान गाड्यांत या दोन खुणांमध्ये पाऊण ते एक लिटर तेल मावतं. पातळी खालच्या खुणेच्याही खाली असेल, तर मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या ग्रेडचं तेल अर्धा-अर्धा लिटर घालत मोजत जा. वरच्या खुणेच्या वर भरलेलं तेलही त्रास देतं, ते घुसळून त्याला फेस येतो. पातळी ठीक असून दिवा लागत असेल तर सेल्फ मारू नका, गाडी उचलूनच न्या.

गाडीखाली वाकून एकदा बघा. पुण्यात या दिव्याचं एक ठरलेलं कारण म्हणजे चेंबर फुटणं. सोसायट्यांच्या गल्लीतले घरगुती, उंच स्पीडब्रेकर आणि पावसाळ्यातले खड्डे थेट इंजिनच्या तळाच्या तेलाच्या भांड्यावर आदळतात. "खट्" आवाज आला आणि दहा मिनिटांनी दिवा लागला, तर रस्त्यावर काळ्या तेलाची रेघ सापडेल. पाच जण बसले असतील तर स्पीडब्रेकर तिरका घ्या. एकेक चाक चढतं, पोट घासत नाही.

आणखी एक फसवं लक्षण: सिग्नलला उभं असताना किटली मिणमिणते, ॲक्सिलरेटर दाबला की विझते. ऑईल पंप इंजिनच्या वेगावर चालतो, म्हणून वेग वाढला की दाब तात्पुरता वाढतो. विझला म्हणजे बरं झालं असं समजू नका. तेल कमी आहे, चुकीच्या ग्रेडचं पातळ आहे किंवा पंप थकला आहे.

६. लाल थर्मामीटर: गाडी तापली

मे महिन्यात शनिवारी सकाळी साताऱ्याकडे निघालात की खंबाटकीच्या चढावर बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्यांची रांग दिसते. मुंबईहून येताना बोरघाटात तेच. चढ, पहिला-दुसरा गिअर, एसी फुल, वेग माणसाच्या चालीचा. इंजिन भरपूर उष्णता तयार करतं आणि रेडिएटरवर वारा येत नाही. सगळा भार पंख्यावर.

काटा अर्ध्याच्या वर सरकतो आहे, पण लाल दिवा अजून नाही, तर एसी बंद करा, हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर पूर्ण वेगावर ठेवा, काचा उघडा. हीटर हा एक छोटा रेडिएटरच आहे, इंजिनची थोडी उष्णता तो आत ओढून घेतो. घाम निघेल, पण इंजिन वाचेल. पुढच्या गाडीत अंतर ठेवा, क्लचवर गाडी तोलून धरू नका.

लाल दिवा लागला किंवा बॉनेटमधून वाफ दिसली, तर कडेला घेऊन इंजिन बंद. वाफ निघत असताना बॉनेटला हात लावू नका, कमी झाल्यावर फडक्याने उघडा. पंखा इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होतो, बोटं लांब ठेवा.

रेडिएटरचं किंवा कूलंटच्या बाटलीचं झाकण किमान पाऊण तास उघडू नका. आतलं पाणी दाबाखाली असल्याने शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल झालं की दाब जातो, त्याच क्षणी पाण्याची वाफ होऊन उकळतं मिश्रण तोंडावर, छातीवर उडतं. दरवर्षी माणसं अशी भाजतात. गरम इंजिनवर गार पाणी ओतणं ही दुसरी घोडचूक, हेड किंवा ब्लॉकला तडा जातो.

गार झाल्यावर बाटलीतली पातळी बघा. मिन-मॅक्सच्या मध्ये हवी. कमी असेल तर झाकणावर फडकं टाकून हळूहळू, थांबत थांबत उघडा आणि कूलंट घाला. नसेलच तर अडचणीपुरतं पिण्याचं पाणी चालेल, मात्र दोन-चार दिवसांत ते काढून योग्य मिश्रण भरून घ्या. सोसायटीच्या बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी रोजच्या वापराला अजिबात नको. त्याचे क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मं-निम्मं हे बहुतेक गाड्यांचं प्रमाण. तयार मिश्रणाच्या बाटलीत पुन्हा पाणी घालायचं नसतं.

गाडी कधी तापते यावरून कारणाचा अंदाज येतो. उभी असताना तापते आणि चालू लागली की उतरते, तर पंखा, त्याचा फ्यूज किंवा रिले. चालताना, विशेषतः चढावर तापते, तर कूलंट कमी, रेडिएटर चोंदलेला, थर्मोस्टॅट अडकलेला किंवा वॉटर पंप गेलेला. कूलंट वारंवार कमी होतं पण खाली थेंब नाही, एक्झॉस्टमधून पांढरा धूर येतो, ऑईल भरण्याच्या झाकणाखाली दुधट मलई दिसते, तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या हेड आणि ब्लॉकमधलं सील, उडालं आहे. त्या गाडीत पाणी भरत भरत पुण्याला यायचा विचार करू नका.

काट्यावर डोळे झाकून विश्वासही ठेवू नका. कूलंट पूर्ण वाहून गेलं की सेन्सर हवेत राहतो आणि वर चढलेला काटा एकदम खाली येतो. हीटर चालू असताना त्यातून अचानक गार हवा यायला लागली, तर आत पाणीच नाही. लगेच थांबा.

७. ब्रेकचा लाल दिवा आणि नवले पुलाचा उतार

वर्तुळात उद्गारचिन्ह. आधी हँडब्रेक पूर्ण खाली आहे का बघा, अर्ध्या दाताने राहिला असेल तर तेवढंच कारण. हँडब्रेक खाली असूनही दिवा असेल तर कडेला थांबून पेडल दाबून बघा.

पेडल नेहमीसारखं टणक आहे आणि बाटलीतलं ब्रेक ऑईल किंचित कमी आहे, तर बहुधा पॅड झिजले आहेत. पॅड झिजले की पिस्टन पुढे सरकतात, ऑईल त्यांच्यामागे जातं, बाटलीत पातळी उतरते. हळू चालवत जवळचं गॅरेज गाठा. नुसतं ऑईल भरून दिवा घालवू नका. नवे पॅड बसवताना ते ऑईल बाटलीबाहेर येतं, आणि तोवर झिजलेले पॅड डिस्क खातात.

पेडल मऊ लागतं, हळूहळू खाली बसतं किंवा चाकाजवळ ओल दिसते, तर गाडी एक फूटही हलवू नका. ब्रेक आणि एबीएस दोन्ही दिवे एकत्र लागले, तर मागच्या-पुढच्या चाकांमध्ये ब्रेकचं वाटप करणारी यंत्रणाही बंद असते. जोरात ब्रेक मारला तर मागची चाकं लॉक होऊन गाडी फिरू शकते. टो करून न्या.

आता उताराबद्दल. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा लांबलचक उतार अपघातांसाठी सगळ्या पुण्याला माहीत आहे. इथे गाडी न्यूट्रल करायची नाही. "न्यूट्रलला पेट्रोल वाचतं" ही समजूत कार्ब्युरेटरच्या काळातली. आजच्या गाड्या गिअरमध्ये असताना पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की इंधन जवळजवळ पूर्ण तोडतात. न्यूट्रलला उलट इंजिन चालू ठेवायला इंधन लागतं, आणि सगळं वजन एकट्या ब्रेकवर येतं.

सतत दाबून ठेवलेल्या ब्रेकचं काय होतं ते समजून घ्या. पॅड तापून त्यांची पकड कमी होते. ती उष्णता ब्रेक ऑईलपर्यंत जाते. डॉट ४ प्रतीचं नवं ऑईल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळायचं नसतं. पण हे ऑईल हवेतली आर्द्रता शोषतं, आणि पाणी मुरलेल्या ऑईलसाठी तीच किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. ऑईल उकळलं की आत वाफेचे बुडबुडे. वाफ दाबली जाते, पेडल तळाला टेकतं, ब्रेक लागत नाही. म्हणून ब्रेक ऑईल दर दोन वर्षांनी बदलायचं, गाडी कितीही कमी चालली असली तरी.

उतरताना जुना नियम अजून खरा आहे: ज्या गिअरमध्ये तो चढ चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरा. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल मोड किंवा "एल" वापरा. ब्रेक थोडा दाबा, सोडा, पुन्हा दाबा. रबर जळल्यासारखा उग्र वास आला तर सुरक्षित जागी पंधरा-वीस मिनिटं थांबा, चाकांवर पाणी ओतू नका. आणि अवजड ट्रकच्या पुढे जाऊन या उतारावर हळू होऊ नका. त्याचे ब्रेक कसे आहेत हे आपल्याला माहीत नसतं.

ब्रेक गेलाच तर पेडल भराभर पंप करा, एकेक गिअर खाली आणा, हँडब्रेक बटण दाबून धरून हळूहळू ओढा. इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेक असेल तर त्याचा खटका ओढून धरून ठेवा. हॉर्न आणि चारही इंडिकेटर चालू ठेवा.

८. लाल बॅटरी

बॅटरी खराब आहे असा याचा अर्थ सहसा नसतो. अल्टरनेटर, जुने लोक ज्याला डायनॅमो म्हणतात, चार्ज करत नाही. गाडी आता साठलेल्या विजेवर चालली आहे. दिवसा जेमतेम अर्धा तास धरा, रात्री हेडलाइट लावून त्याहून कमी. एसी, म्युझिक, मागच्या काचेचा डीफॉगर, मोबाइल चार्जर बंद करा. इंजिन मात्र बंद करू नका, पुन्हा सुरू होणार नाही. जवळच्या गॅरेजकडे वळा.

त्याआधी तापमानाचा काटा बघा. अनेक गाड्यांत अल्टरनेटर आणि वॉटर पंप एकाच बेल्टवर फिरतात. बेल्ट तुटला असेल तर बॅटरीच्या दिव्यापाठोपाठ तापमान चढेल, आणि मग अर्धा तास नाही, लगेच थांबायचं. बेल्ट तुटताना बॉनेटखाली फटाफट आवाज येतो, स्टिअरिंगही जड होऊ शकतं.

साध्या मल्टिमीटरने खात्री होते. इंजिन बंद असताना चांगल्या बॅटरीला साधारण १२.६ व्होल्ट, चालू असताना बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.४. चालू असतानाही आकडा १२च्या आसपास रेंगाळत असेल, तर नवी बॅटरी घेऊन काही होणार नाही. दुकानदाराने गळ्यात मारण्याआधी हे मोजून मागा.

९. पिवळं इंजिन: स्थिर की लुकलुकतं?

स्थिर असेल आणि गाडी नेहमीसारखी चालत असेल, तर दोन-चार दिवसांत स्कॅन करून घ्या. त्याआधी पेट्रोलचं झाकण "टक्" आवाज येईपर्यंत घट्ट करा. काही गाड्यांत सैल झाकणानेही हा दिवा लागतो आणि काही फेऱ्यांनंतर आपोआप विझतो.

लुकलुकत असेल आणि गाडी झटके देत असेल, तर एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल पेटत नाही. ते न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टचा धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं, तो लालभडक तापतो आणि आतून वितळतो. स्पार्क प्लग किंवा इग्निशन कॉइल एवढ्याशा खर्चात जे भागलं असतं, त्याचं रूपांतर गाडीतल्या सगळ्यांत महागड्या भागांपैकी एकाच्या बदलात होतं. ॲक्सिलरेटर हलका ठेवून कडेला थांबा. वाळलेल्या गवतावर गाडी उभी करू नका.

स्टिअरिंगच्या खाली स्कॅनरचा सॉकेट असतो. स्कॅन केल्यावर कोड येतो, उदाहरणार्थ पी ०३०० म्हणजे मिसफायर (सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटणं), पी ०४२० म्हणजे कन्व्हर्टर नीट काम करत नाही. कोड लक्षण सांगतो, सुटा भाग सांगत नाही. ऑक्सिजन सेन्सरचा कोड आला म्हणून सेन्सर बदलला आणि दोष हवेच्या गळतीचा निघाला, असं वारंवार होतं.

बॅटरीची तार काढून दिवा घालवणारे मेकॅनिक भेटतील. दिवा जातो, नोंदलेला कोडही पुसला जातो, बिघाड जागच्या जागी. पुढचा मेकॅनिक मग अंधारात चाचपडतो.

१०. बाकीचे पिवळे, आणि एअरबॅग

डीपीएफ, म्हणजे काजळीची गाळणी, बीएस ६ डिझेल गाड्यांत. एक्झॉस्टमधली काजळी गाळणीत साठते आणि गाडी वेगात, गरम असताना ती जळते. कोथरूड ते डेक्कन असा रोजचा रांगता प्रवास असेल तर ती कधी जळतच नाही. दिवा लागला की बाह्यवळणावर किंवा एक्स्प्रेसवेवर ताशी ६०च्या वर, वेगमर्यादेत, सलग पंधरा-वीस मिनिटं चालवा आणि मध्ये इंजिन बंद करू नका. दुर्लक्ष केलं तर गाडी लिम्प मोडमध्ये जाते, पिकअपच उरत नाही. नेहमी शहरातच चालवणार असाल तर डिझेल घेऊ नका, हे गाडी घ्यायच्या आधी सांगायला हवं.

टायरचा दिवा, घोड्याच्या नालेत उद्गारचिन्ह. चारही टायर गार असताना हवा तपासा. आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर असतो. पंपावर सरसकट ३५ भरतात, तुमच्या गाडीचा आकडा सांगून भरून घ्या. कमी हवेचा टायर वेगात कडेला दुमडत राहतो, आतून तापतो, आणि उन्हाळ्यात एक्स्प्रेसवेच्या काँक्रीटवर फुटतो. दिवा आधी लुकलुकून मग स्थिर होत असेल तर दोष सेन्सरचा.

एबीएस. साधा ब्रेक लागतो, चाकं लॉक होऊ शकतात. पावसात अंतर दुप्पट ठेवा. बऱ्याचदा चाकाच्या सेन्सरवरचा चिखल हेच कारण निघतं.

एअरबॅग, लाल किंवा पिवळा. गाडी चालते, म्हणून लोक महिनोन्महिने टाळतात. पण अपघातात एअरबॅग आणि पट्टा आवळणारी यंत्रणा दोन्ही कदाचित चालणार नाहीत. सीटखाली मोबाइल शोधताना किंवा साफसफाई करताना पिवळा कनेक्टर ढिला होणं हे नेहमीचं कारण. तो स्वतः ओढूनखेचून बघू नका, जाणकाराकडे न्या. सीटमध्ये साइड एअरबॅग असेल तर त्या बाजूने बंद शिवलेलं सीट कव्हर घालू नका.

वेटोळ्याचं चित्र, डिझेल गाडीत, म्हणजे सुरू करण्याआधी इंजिन आतून गरम करणारे ग्लो प्लग तापत आहेत. विझल्यावर सेल्फ मारा. चालताना लुकलुकलं तर गॅरेज.

इलेक्ट्रिक गाडीतलं कासव. चार्ज फार कमी आहे किंवा बॅटरी तापली आहे, म्हणून ताकद तोडली आहे. डाव्या लेनने चार्जर गाठा. ऑटोमॅटिक किंवा इलेक्ट्रिक गाडी दोरीने ओढू नका, पाठीवर चढवून नेणारा फ्लॅटबेड ट्रकच बोलवा.

११. पाण्यात गेलेली गाडी

खडकवासला धरणातून विसर्ग वाढला की भिडे पूल पाण्याखाली जातो आणि नदीपात्रात लावलेल्या गाड्या अडकतात. पाणी ओसरल्यावर मालक येतो, "बघू चालू होते का," म्हणून सेल्फ मारतो. नुकसान त्या क्षणी होतं. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर पिस्टन ते दाबू शकत नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या पॉलिसीत असा खर्च सहसा बसत नाही, इंजिन प्रोटेक्टचं वेगळं कव्हर लागतं. पाण्यात बंद पडलेली किंवा बुडालेली गाडी सुरू करायची नाही. जमलं तर बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, फोटो काढा, विमा कंपनीला कळवा आणि उचलून न्या. इलेक्ट्रिक किंवा हायब्रिड गाडीला मात्र हातही लावू नका.

रस्त्यावरच्या पाण्यात खोली कळत नसेल तर जाऊ नका. चाकाचा निम्मा भाग बुडेल एवढं पाणी असेल तर वळून दुसरा रस्ता धरा. पलीकडे निघालात की हळू चालवत ब्रेक दोन-चारदा हलके दाबून वाळवा.

१२. गॅरेजमध्ये काय सांगायचं, काय मागायचं

दिवा लागला त्या क्षणाचा फोटो घ्या, मात्र गाडी थांबवूनच. मग मेकॅनिकला हे सांगा: कुठला दिवा, रंग, स्थिर की लुकलुकता, इंजिन गार होतं की गरम, चढ, उतार की सिग्नल, एसी चालू होता का, त्याआधी काही आदळलं, पाण्यात गेलं किंवा नुकतंच इंधन भरलं होतं का. "काहीतरी दिवा लागतोय" एवढंच सांगितलं तर तो अंदाजाने भाग बदलत बसेल.

कोड पुसण्याआधी त्याचा नंबर लिहून घ्या किंवा स्कॅनरच्या पडद्याचा फोटो घ्या. बदललेला जुना भाग परत मागा. अधिकृत सेंटर महाग वाटलं तर सुट्या भागाची किंमत नाना पेठेतल्या दुकानात विचारता येते, पण ब्रेक, एअरबॅग आणि टायमिंग बेल्ट यांत स्वस्त नकली माल घेऊ नका.

गाडी ज्या परिस्थितीत बिघडली, त्याच परिस्थितीत चालवून बघा. सिग्नलला तापत होती तर एसी लावून वीस मिनिटं उभी ठेवा, चढावर तापत होती तर चढावर न्या. पैसे देण्याआधी चावी पुन्हा "ऑन"वर आणून पाच सेकंद थांबा. सगळे दिवे आधी लागले पाहिजेत, आणि इंजिन सुरू झाल्यावर सगळे विझले पाहिजेत. हँडब्रेक ओढलेला असेपर्यंत त्याचा एक तेवढा राहील.